कंट्रोलर अप्पांचा मुक्काम

कंट्रोलर अप्पांना नमस्कार केला तर ते उलट नमस्कार करत नसत. चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "मुक्काम कुठं केलास?" समोरचा माणूस पलीकडच्या गल्लीतून साखर आणायला आला असला तरी हाच प्रश्न. माणूस आहे म्हणजे तो कुठून तरी आला असणार, आणि येण्याआधी कुठंतरी झोपला असणार, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

सीमाभागातल्या भालकीच्या बसस्टँडवर त्यांनी तीस वर्षं कंट्रोलरची नोकरी केली. जाळीच्या खिडकीमागं बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार ते सांगायचं, ड्रायव्हर-कंडक्टरांच्या कागदावर वेळ टाकून सही करायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर खिडकी दुसऱ्याची झाली आणि अप्पा बाहेरच्या सिमेंटच्या बाकावर आले. खिडकीपासून बाक दहा पावलांवर. तेवढंच काय ते त्यांचं निवृत्त होणं.

मी जवळच्या मेहकर गावाहून रोज भालकीला कॉलेजला यायची. संध्याकाळची गाडी सुटायला तासभर वेळ असायचा, आणि सावली फक्त अप्पांच्या बाकावर असायची. "कुंद्री, कुंद्री," असं कन्नडमध्ये म्हणून ते बसायला सांगायचे आणि सरकायचे. तीन वर्षं मी त्या बाकावर बसले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. काय विचारायचं, कुणाला विचारायचं, हे मला कधी कळलं नाही. त्यामुळं मी ऐकत बसायची, आणि ऐकायला तिथं पुष्कळ होतं.

आमच्या भागातला माणूस शहरात जातो तो फिरायला नाही. ऑपरेशनला जातो, कोर्टात जातो, भरतीला जातो, पोरीची सोयरीक जमवायला जातो. जाताना त्याला एकच भीती असते, की राहायचं कुठं. ही भीती घेऊन लोक अप्पांकडं यायचे. अप्पा काम विचारायचे, बरोबर कोण आहे ते विचारायचे, मग डोळे मिटून तपकिरीची डबी बोटांत फिरवायचे. मग सांगायचे. लॉजचं नाव त्यांच्या लक्षात नसायचं. कोण राहून आलं ते लक्षात असायचं.

"पायाच्या ऑपरेशनची हलबर्ग्याची म्हातारी ऱ्हायलेली ती जागा बघा. दवाखान्याच्या मागच्या गेटाला लागून. मालक भात करायला शेगडी देतो. पोटाचं दुखणं असंल तर तिथंच जावा, हॉटेलचं खाऊ नका."

बदल्यात ते काही घ्यायचे नाहीत. फक्त परत आल्यावर माणसानं बाकाशी येऊन सगळं सांगायचं. हा तिथला रिवाजच झाला होता. शहराहून आलेली गाडी लागली की लोक उतरून आधी अप्पांकडं जायचे, मग घराकडं.

एकदा शाळेतले एक मास्तर सहलीची मुलं घेऊन हैदराबादला जाऊन आले. ते उत्साहानं मिनार, तलाव, वस्तुसंग्रहालय असं वर्णन करायला लागले. अप्पांनी हात वर केला.

"ते राहू द्या मास्तर. मिनार कुठं पळून जायलंय? संडासाची कडी आतून लागत होती का?"

 मास्तर आठवून म्हणाले, "पोरींकडची लागत होती. पोरांकडची न्हाई."

"हां. आता काम झालं."

राजेश्वर गावचा एक व्यापारी एसी हॉटेल सांगा म्हणून मागं लागला होता. अप्पा म्हणाले, "एसीचं मला काही म्हाइत न्हाई. एसीवाला माणूस खिडकी उघडत न्हाई, मग तो परत येऊन मला सांगणार काय?" माझ्या वर्गातल्या एका मुलानं त्यांना मोबाइल दाखवला. म्हणाला, "अप्पा, आता ह्याच्यात सगळं असतंय. हे बघा, ह्या हॉटेलला चार पॉइंट दोन."

अप्पांनी मोबाइल लांब धरून पाहिला. "हे चार पॉइंट दोन कुणी दिलं?"

"लोकांनी."

"कुठल्या गावच्या?"

मुलगा स्क्रीन चाळायला लागला. अप्पांनी मोबाइल परत दिला. "गाव म्हाइत न्हाई, काम म्हाइत न्हाई, संग बाया होत्या का न्हाई ते म्हाइत न्हाई. आन् तू तिथं झोपायला जायलास व्हय?"

परत आलेल्यांना ते एक प्रश्न नक्की विचारत. पाणी किती वाजता येतं, हे ज्या आवाजात विचारत त्याच आवाजात. "आडनाव इचारून मग खोली हाय का न्हाई ते सांगितलं, का आधी खोली दाखवली?" आम्ही बौद्ध. हा प्रश्न आमच्या घरात सगळे मनातल्या मनात विचारतात. मोठ्यानं, चारचौघांत, बसस्टँडवर विचारणारे मी फक्त अप्पांना पाहिलं. ते आमच्यातले नव्हते. पण ज्या लॉजवर आडनाव आधी विचारलं, तिथं ते मग कुणालाच पाठवत नसत, कुठल्याही आडनावाच्या माणसाला.

आणि गंमत अशी की स्वतः अप्पा आयुष्यात कुठंच राहिलेले नव्हते. नोकरीत असताना त्यांना गाडीत पैसे पडत नव्हते, तरी ते सकाळी गेले तर संध्याकाळी घरी. परक्या अंथरुणावर त्यांना झोप येत नसे. त्यांच्या बायकोला सगळा स्टँड अक्का म्हणायचा. अक्का कधी डबा घेऊन आल्या की सांगायच्या, "सासुरवाडीला ऱ्हावा म्हणलं की ह्यांचं पोट दुखतंय. लग्नातबी वरात येशीपत्तर आली आन् हे म्हणाले, शेवटची गाडी हाय, निघायचं का?"

अक्का एकदा बहिणीबरोबर गाणगापूरला तीन दिवस राहून आल्या. दत्ताचं दर्शन झालं, मन शांत झालं, भालकीला उतरल्या. तेव्हा अप्पा नोकरीवर होते. खिडकीपुढं दहा-बारा माणसांची रांग. अक्का डब्याचं विचारायला खिडकीशी गेल्या, तर अप्पांनी जाळीतून विचारलं, "मुक्काम कुठं केलीस?" आणि पाणी, कडी, जिना, शेजार, सगळं विचारून घेतलं. रांगेतल्या लोकांनी सगळं ऐकलं. अक्का हे सांगताना अजून लाजायच्या. "घरी जाऊन इचारलं असतं तर काय गाडी चुकली असती व्हय ह्यांची?"

"घरी जाईपत्तर तू इसरली असतीस," अप्पा म्हणायचे.

माझे बाबा अप्पांना फार मानायचे. त्याला एक कारण होतं, आणि ते मला बरंच उशिरा कळलं. बाबा एकोणीस वर्षांचे असताना रेल्वेच्या भरतीसाठी सिकंदराबादला गेले होते. स्टेशनजवळ एका लॉजच्या मोठ्या हॉलमध्ये खाट मिळाली. सकाळी आंघोळीला गेले आणि आले तर पिशवी नाही. पिशवीत शाळेची सगळी सर्टिफिकेटं होती. भरतीला न जाताच ते परत आले. स्टँडवर उतरले तेव्हा खिडकीतून अप्पांनी विचारलं, मुक्काम कुठं केलास. बाबांनी तिथंच सगळं सांगितलं, आणि सांगताना रडले. "त्यानंतर त्या गल्लीत आपल्याकडचा एक माणूस गेला न्हाई," बाबा म्हणायचे. ते हे थोडं अभिमानानं म्हणायचे. पण भरतीला ते पुन्हा कधी गेले नाहीत. शेती आणि लोकांच्या घरांचं बांधकाम, ह्यातच त्यांची वर्षं गेली.

म्हणून मी जेव्हा सांगितलं की हैदराबादच्या विद्यापीठात एमएस्सीसाठी अर्ज केलाय, सोमवारी लेखी परीक्षा आणि मंगळवारी मुलाखत आहे, दोन रात्री राहावं लागेल, तेव्हा बाबांनी दोन्ही दिवस पुन्हा विचारून घेतले. मग म्हणाले, "कंट्रोलर अप्पा जागा सांगतील तर जा. त्यांनी न्हाई म्हणलं तर विषय बंद."

मला वाटलं, मग काही अडचणच नाही.

परीक्षेला पंधरा दिवस होते. बाबा आणि मी बाकाशी गेलो. मी परीक्षेच्या केंद्राचा पत्ता वाचून दाखवला. अप्पांनी डोळे मिटले. डबी फिरली, थांबली, पुन्हा फिरली. मग त्यांनी चिमूटभर तपकीर ओढली आणि डोळे उघडले.

"त्या बाजूला आपलं कुणीच ऱ्हायलेलं न्हाई," ते म्हणाले. "मला म्हाइत न्हाई."

अप्पांच्या तोंडून "म्हाइत न्हाई" हे शब्द ऐकून चहाच्या टपरीवाल्यानंसुद्धा वळून पाहिलं. मी म्हणाले, "अप्पा, स्टेशनजवळची एखादी सांगा ना. तिथून बसनं जाईन."

"सकाळी नऊला पेपर. तिथनं दीड तास. चुकलीस तर?" त्यांनी मान हलवली. "आन् म्हाइत नसलेल्या जागी मी पोरगी पाठवत न्हाई."

बाबा उठले. "मग राहू दे," असं ते अप्पांना म्हणाले, पण ते मला ऐकवण्यासाठी होतं.

पुढचे दिवस मी अभ्यास केला की नाही ते मला सांगता येणार नाही. पुस्तक उघडून बसत होते एवढं खरं. माय म्हणायची, "बीएस्सी व्हायलीय की. बास की आता. बीएड कर भालकीतच." तिचं चूक नव्हतं. मलाच माझं बरोबर आहे असं ठामपणे म्हणता येत नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या सोमवारी अप्पांचा निरोप आला, बाबाला घेऊन ये. आम्ही गेलो. अप्पांचे डोळे लाल होते, दाढी वाढलेली होती.

"जागा हाय," ते म्हणाले. "दोन जीव, दोन दिवस. केंद्र चालत पंधरा मिनिटं. जिना अठ्ठावीस पायऱ्यांचा, कठडा दोन्हीकडं. कडी आतून लागती. मालकीणबाई स्वतः खाली बसती, आडनाव इचारत न्हाई. गल्ली एकदम शांत. मागच्या बाजूची खोली सांगितलीय."

"कुणी ऱ्हायलंय का तिथं?" बाबांनी विचारलं.

अप्पांनी डबी उघडली, बंद केली. "एकजण ऱ्हायलाय."

बाबांनी मान डोलावली. मला जायला मिळालं.

रविवारी संध्याकाळी माय आणि मी त्या गल्लीत पोचलो. गल्लीचं नाव मी लिहीत नाही, कारण तिचा काही दोष नव्हता. सगळी शटरं बंद, रस्ता झाडलेला, एक मांजर मधोमध झोपलेलं. मायनं नाक वर करून वास घेतला. "कुणीतरी ठेचा करायलंय," ती म्हणाली, आणि तिला बरं वाटलं. परक्या गावात ओळखीचा वास आला म्हणून.

मालकीणबाई जाडशा, पान खाणाऱ्या होत्या. मी भालकीचं नाव सांगताच त्या हसायला लागल्या.

"वो चश्मे वाले अप्पा के लोगां हैं क्या तुम? पिछले इतवार कू आये थे. सुबू से सामने के चबूतरे पे बैठे. मैं समझी पोलीस का आदमी है. फिर अंदर आ के जिना गिने, कड़ी लगा के देखे, कमरा लिये. सोये नै बोलके चादर की तह भी नै खोले. अंधेरे में उठ के पैली बस कू चले गये. बोले, बच्ची आरी, पीछे का कमरा देना."

मी तिथंच जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. मायला हिंदी नीट कळत नाही. ती विचारत राहिली, "काय म्हणायलीय? काय झालं?" मी सांगितलं.  माय म्हणाली, "लग्नाच्या वरातीतनं पळालेला माणूस त्यो."

आम्ही कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, चादरीची घडी मोडली आणि झोपलो.

सकाळी सहाला मायनं हवा यावी म्हणून मागची खिडकी उघडली.

खिडकीच्या खाली एक मोठं आवार होतं. आवारात तीन लॉऱ्या उभ्या होत्या आणि हमाल तोंडाला ओली फडकी बांधून पोती उतरवत होते. पोत्यांत सुकी लाल मिरची. एक पोतं खाली आपटलं की लाल धूर उठायचा आणि सरळ आमच्या खोलीत यायचा. मायला पहिली शिंक आली, मग मला, मग आम्ही दोघी थांबलोच नाही. खिडकी लावली तरी धूर आत राहिला. दार उघडलं तर समोरच्या बाजूनं तेच. गल्लीतलं प्रत्येक शटर वर गेलं होतं आणि प्रत्येक दुकान मिरचीचं होतं. ती मिरचीच्या घाऊक व्यापाराची गल्ली होती. रविवारी बंद असते.

खोकता खोकताच मला सगळं कळलं. अप्पांनी गल्ली दिवसभर पाहिली, पण रविवारी. खोली रात्रभर पाहिली, पण पाचची पहिली गाडी पकडली. लॉऱ्या सहाला येतात. जन्मभर पहिली गाडी वेळेवर सोडणारा कंट्रोलर दुसऱ्या गाडीनं कसा येणार? आणि नाक तर त्यांचं तपकिरीनं केव्हाच गेलेलं. जो वास मायला दारात आला, तो त्यांना आलाच नसणार.

मी पेपर लिहिला तो ओली ओढणी डोळ्यांवर दाबत. शेजारच्या बाकावरचा मुलगा हळूच म्हणाला, "रोओ मत, मेरेकू भी नै आता." पर्यवेक्षक बाईंनी पाण्याची बाटली आणून ठेवली. मला सगळं येत होतं. दिसत नव्हतं.

दुपारी केंद्राच्या बाहेर माय भिंतीला टेकून बसली होती. तिचा आवाज पूर्ण बसला होता. "चल, घरी जाऊ," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "उद्याचं राहू दे. तुझ्या बाबाला फोन लाव."

मी फोन काढला. बाबांचा नंबर समोर होता. मी तो लावला असता तर ते म्हणाले असते, या परत. आणि मी गेले असते. त्यात राग नसता, भांडण नसतं. पुढं कधी विषयही निघाला नसता.

मी फोन न लावताच पिशवीत ठेवला आणि मायला म्हणाले, "एक तास दे मला."

मी चालायला लागले. काय शोधायचं ते मला अप्पांइतकं कळत नव्हतं, पण तीन वर्षं मी त्या बाकावर उगाच बसले नव्हते. पहिल्या गल्लीत दुकानापुढं नुसते पुरुष उभे होते, मी पुढं गेले. दुसऱ्या गल्लीत गाड्या दुरुस्त करायची दुकानं होती. तिसऱ्या गल्लीत एक म्हातारी पालेभाजी विकत होती, तिच्याशेजारी दोन मुली दप्तरं घेऊन भेळ खात होत्या, वर गॅलरीत पोरींचे कपडे वाळत होते. मी भाजीवालीला विचारलं. तिनं बोटानं एक दार दाखवलं. पण मी लगेच आत गेले नाही. समोर अर्धा तास उभी राहिले. सोमवार होता, दुकानं उघडी होती. मी मुद्दाम मोठा श्वास घेतला. कोथिंबिरीचा वास आला.

घरमालकीण निवृत्त नर्स होत्या. वरच्या खोल्या मुलींना देत. त्यांनी आधार कार्ड पाहिलं, परीक्षेचं पत्र पाहिलं आणि विचारलं, "दोनों की आँखां कू क्या हो गया?" मग त्यांनी मायला गरम पाणी दिलं. त्या रात्री आम्ही तिथं राहिलो. मंगळवारी मुलाखतीत मला दिसत होतं.

परतीच्या बसमध्ये मायनं एकच गोष्ट सांगितली. "बाबाला मिरचीचं बोलू नको. पिशवीचं त्यांच्या मनातनं अजून गेलं न्हाई. हे कळलं तर तुला पुन्हा पाठवायचे न्हाईत."

मी बोलले नाही. आणि अप्पांनाही भेटले नाही. त्यांना खोटं सांगता येणार नव्हतं, आणि खरं सांगितलं असतं तर ते बाबांना कळलं असतं. शिवाय दुसरीही एक गोष्ट होती. ज्या माणसानं आयुष्यातला एकमेव मुक्काम माझ्यासाठी केला, त्याला कसं सांगायचं की तो चुकला? दहा दिवस मी स्टँडच्या आधीच्या चौकात उतरत होते, परतीची गाडीही तिथूनच धरत होते. दुरून बाक दिसायचा. अप्पा प्रत्येक गाडीकडं मान वर करून बघायचे.

मग यादी लागली. माझं नाव होतं. मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी डोक्यावरचा टॉवेल काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "दोन साल ऱ्हायचं म्हणजे. चल, अप्पाला इचारू. त्यांनी जागा चांगली म्हणलं तर मी अडवत न्हाई."

आम्ही गेलो तेव्हा बाकावर औरादकडच्या एक बाई आणि त्यांची मुलगी बसल्या होत्या. मुलीच्या हातात नर्सिंगच्या परीक्षेचं पत्र होतं. केंद्र तेच. अप्पांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आली बघा! मुक्काम करून आलेलीच आली. बाई, तुमी हिला बघा, ही तिथंच ऱ्हायलीय. जिना अठ्ठावीस पायऱ्या, गल्ली एकदम शांत..."

"अप्पा, तिथं नको," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. बाबा माझ्याकडं बघायला लागले. अप्पांची डबी थांबली.

मग मी सगळं सांगितलं. लॉऱ्या, पोती, ओली ओढणी, मायचा आवाज. बाबा मधेच उठून उभे राहिले.

"म्हंजी पेपर तू तसाच लिहिलीस? आन् घरी येऊन एक शब्द न्हाई?" मग ते अप्पांकडं वळले. "तुमी म्हणलाव एकजण ऱ्हायलाय. कोण व्हता त्यो?"

अप्पा खाली बघत होते. "मीच," ते म्हणाले.

"तुमी?"

"व्हय. पाठवायला कुणी नव्हतं, म्हणून मीच गेलो." त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. "गल्ली रविवारी बघून आलो मी. तीस साल कंट्रोलर व्हतो, रविवारच्या आन् सोमवारच्या गाड्या येगळ्या असतात हे मला कळू नये? चूक माझी हाय. पोरीची न्हाई."

 अप्पांनी चष्मा लावला आणि माझ्याकडं वळून खिडकीतल्या आवाजात विचारलं, "लॉऱ्या किती वाजता?"

"सहाला."

"रोज?"

"रविवार सोडून, असं हमाल म्हणाला."

"मग तू काय केलीस? दुसरी रात कुठं काढलीस?"

"तिथंच दोन गल्ल्या सोडून. मी बघितली."

"तू बघितलीस?" बाबांनी विचारलं.

अप्पांनी बाबांना हातानं थांबवलं. "जिना?"

"एकोणीस पायऱ्या. कठडा एकाच बाजूला."

"कडी?"

"आतून. दोन. मी दोनदा लावून बघितली."

"समोर कोण उभारतंय?"

"भाजीवाली म्हातारी. भेळवाला. शाळेच्या पोरी. अर्धा तास बघितलं, सोमवारीच. पाणी सकाळी सहा ते आठ. आडनाव न्हाई इचारलं, डोळ्यांना काय झालं ते इचारलं."

अप्पांनी डोळे मिटले नाहीत. डबी खिशात ठेवली आणि ते औरादच्या बाईंना म्हणाले, "बाई, आता मला नका इचारू. हिला इचारा."

बाई माझ्याकडं सरकल्या. "नळ वरच हाय का खाली यावं लागतंय?" मी सांगितलं. त्यांच्या मुलीनं विचारलं, पेपरला जायला रिक्षा लागते का. मी सांगितलं, चालत वीस मिनिटं, पण सकाळी मिरचीच्या गल्लीतून जायचं नाही, वळसा घ्यायचा. मुलीनं तो वळसा पत्राच्या मागं लिहून घेतला. तेवढा वेळ बाबा उभेच होते. मी बोलत होते, आणि ते मी बोलताना बघत होते.

बाई उठल्या, मुलीला घेऊन गाडीकडं गेल्या. बाबा अप्पांना म्हणाले, "दोन साल ऱ्हायचं म्हणलं तर ती जागा बरी हाय का?"

"मी कुठं ऱ्हायलोय तिथं?" अप्पा म्हणाले. "मला कामून इचारायलाव?"

 बाबा बाकावर बसले, माझ्या बाजूला, आणि टॉवेलनं तोंड पुसलं.

"तिथं जेवायचं कसं हाय गं?" त्यांनी मला विचारलं. "भाकरी मिळती का, का रोज भातच?"